घर विकताना दलालाकडून काम कसे घ्यावे?



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी विद्वानांनी बोलावे आणि नगरवासीयांनी ऐकावे, अशी रीत महाराष्ट्रात पडली आहे. आम्ही विद्वान नव्हे. नववीत शाळा सुटली, तळोज्याच्या एका कारखान्यात मदतनीस म्हणून लागलो, आणि पुढे जे काही वाचले ते रात्रपाळी करून आल्यावर वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. चिटणीसांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही कामगार चळवळीवर काही सांगू असे त्यांना वाटले असावे. आम्ही म्हटले, घराच्या दलालावर बोलतो. ते हसले. आपणही आता हसत आहात. हरकत नाही.

हा विषय आम्ही का निवडला ते आधी सांगतो. युनियनच्या कचेरीत माणसे येतात ती पगार, बोनस, निलंबन यांसाठी. पण गेली दहा-बारा वर्षे त्यांच्या मागोमाग दुसराच एक कागद टेबलावर येऊ लागला आहे. कारखाना बंद पडलेला असतो, किंवा माणूस निवृत्त झालेला असतो. मुलीचे लग्न, बायकोचे आजारपण, गावाकडच्या घराचे छप्पर, असे काहीतरी पुढे उभे असते. आणि हाताशी असते ते एकच, तीस वर्षे हप्ते भरून सोडवलेले दोन खोल्यांचे घर. ते विकायला काढलेले असते. दलालाकडे देऊन सहा महिने झालेले असतात. आणि माणूस विचारतो, "साहेब, हा दलाल काहीच करत नाही, काय करावे?" कामगाराच्या आयुष्यात मोठी रक्कम दोनदाच हातात येते, एकदा फंडाची आणि एकदा घराची. पहिलीसाठी आपण मोर्चे काढतो. दुसरी मात्र आपण एका अनोळखी माणसाच्या खिशात किल्लीसकट टाकून मोकळे होतो. म्हणून हा विषय.

पनवेलला दलाल नवा नाही. हे जुने बाजाराचे आणि बंदराचे गाव. १८५२ सालची इथली नगरपालिका, जिची २०१६ च्या ऑक्टोबरात महानगरपालिका झाली. भात, मीठ, लाकूड यांच्या व्यापारात अडत्या आणि दलाल असायचेच. पण तो दलाल मालाचा. जमिनीचा दलाल आला तो १९७० साली सिडको स्थापन झाल्यावर. शेते संपादनात गेली. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले, आणि त्या लढ्याच्या रेट्याने पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. गोळ्या झेलून मिळवलेला तो भूखंड हातात पडण्यापूर्वीच कितीतरी घरांतून दलालाच्या मध्यस्थीने कागदावर विकला गेला, हे आपल्यापैकी पुष्कळांनी आपल्या आळीत पाहिले आहे. त्यानंतर नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, कामोठे, खारघर उभे राहिले आणि प्रत्येक इमारतीखाली एका गाळ्यावर 'इस्टेट एजंट' अशी पाटी लागली. पंचवीस वर्षे या पाट्यांखाली एकच वाक्य ऐकू येत असे, "विमानतळ होणार आहे." २०२५ च्या डिसेंबरात त्या विमानतळावरून विमाने उडू लागली. आता ते वाक्य बदलले आहे. पण घर विकणाऱ्याची अडचण तीच राहिली आहे.

आता आमची स्वतःची हकीगत सांगतो. दुसऱ्याच्या चुका सांगण्यापेक्षा स्वतःच्या सांगितलेल्या बऱ्या.

नवीन पनवेलमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमचे दोन खोल्यांचे घर होते. इमारतीला लिफ्ट नाही. वडील गेले आणि वर्षभरात आईचे गुडघे गेले. २०१७ च्या पावसाळ्यात ती जिना उतरली ती शेवटची. खिडकीशी बसून खालच्या भाजीवाल्याला हाक मारायची, टोपली दोरीने खाली सोडायची, आणि म्हणायची, "अरे, माझे पाय नाही लागले जमिनीला बरेच दिवस." म्हणून आम्ही ठरवले की हे घर विकावे आणि जुन्या पनवेलीत तळमजल्यावर घर घ्यावे. ओळखीच्या एका दलालाकडे गेलो. त्याचे नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. मुलगा गोड बोलणारा. म्हणाला, "दादा, काळजी सोडा. महिन्याभरात पार्टी बसवतो." आम्ही बेचाळीस लाख भाव सांगितला. त्याने मान डोलावली. एक टक्का दलाली तोंडी ठरली. किल्ली दिली, चहा घेतला, घरी आलो. आयुष्यभर मालकांना 'तोंडी काही नको, लेखी द्या' असे सांगणारे आम्ही, आमच्या स्वतःच्या घराच्या बाबतीत एक ओळही लिहून घेतली नाही.

पहिल्या महिन्यात दोन माणसे घर पाहून गेली. दुसऱ्यात एक. पुढे कोणी नाही. फोन केला की उत्तर, "दादा, बाजार थंड आहे. नोटाबंदी झाली, त्यात तो नवा रेरा कायदा आला, लोक थांबलेत." त्यात काही खोटे होते असे नाही. पण चार महिने गेले, आणि आमच्या लक्षात आले की आपल्याला काहीच ठाऊक नाही. किती माणसांना त्याने घराची माहिती सांगितली, ती का आली नाहीत, आली ती का परतली, याची एक ओळही आमच्यापाशी नव्हती. एक दिवस व्हॉट्सअॅपवर कोणाकडून तरी फिरत आलेली त्याचीच जाहिरात आम्हांला मिळाली. तिच्यात घर दुसऱ्या मजल्यावर असल्याचे लिहिले होते. म्हणजे जो गुडघे सांभाळत यायचा तो तिसरा जिना चढताना मनातल्या मनात परत फिरत असणार.

आम्हांला राग आला. पहिला विचार असा की उद्याच्या उद्या किल्ली काढून घ्यावी. पण कारखान्यात आम्ही पोरांना काय सांगतो? संप हे शेवटचे हत्यार. आधी मागणीपत्र, मग वाटाघाट, मग नोटीस, मग संप. तेव्हा स्वतःला तोच नियम लावला.

इथे थोडे थांबून दलाल म्हणजे कायद्याने कोण, ते पाहू. १८७२ सालचा करार कायदा आजही चालू आहे. त्यात मुख्य माणूस आणि त्याचा अभिकर्ता यांचे नाते सविस्तर सांगितले आहे. अभिकर्ता म्हणजे आपल्या वतीने काम करणारा. आपण घर विकायला दलालाला सांगतो, तेव्हा तो आपला अभिकर्ता होतो. त्याने आपल्या सूचनेप्रमाणे काम करावे, त्या धंद्यात अपेक्षित असते तेवढे कौशल्य आणि तत्परता दाखवावी, मागितल्यावर हिशेब द्यावा, अडचण आली तर आपल्याशी संपर्क साधून विचारावे, हे सारे त्या कायद्यात आहे. त्याने आपल्याला न सांगता स्वतःच्याच फायद्याचा व्यवहार केला, तर तो व्यवहार नाकारण्याचा आणि त्यातला नफा मागण्याचा हक्क ठरावीक परिस्थितीत आपल्याला आहे. वेगळे काही ठरले नसेल तर मोबदला काम पुरे झाल्यावर देणे लागतो. आणि कामात गैरवर्तन केले असेल, तर त्या भागाचा मोबदला त्याला मागता येत नाही. दीडशे वर्षांहून जुना हा इंग्रजांचा कायदा, पण वाचताना आम्हांला तो एखाद्या चांगल्या युनियनच्या करारासारखा वाटला.

मग दलाल चुकतो कुठे? तो सगळाच लबाड असतो असे आम्ही मानत नाही. पायपीट करणारा, दिवसाला पाच घरे दाखवून एकाही घराचा व्यवहार न झालेला दलाल हाही एक प्रकारचा कामगारच आहे. त्याला महिन्याचा पगार नाही, फंड नाही. दोष पुष्कळदा त्याच्या स्वभावात नसून त्याच्या मोबदल्याच्या रचनेत असतो. हिशेब करून पाहा. घर छत्तीस लाखांना गेले आणि दलाली एक टक्का, तर त्याला छत्तीस हजार मिळतात. त्याने आणखी तीन महिने खटपट करून तेच अडतीस लाखांना विकले, तर आपल्याला दोन लाख जास्त, त्याला फक्त दोन हजार जास्त. दोन हजारांसाठी कोण तीन महिने झिजेल? म्हणून 'मिळतोय तो भाव घ्या' हा सल्ला त्याच्या तोंडी सहज येतो. अमेरिकेत लेविट आणि सायव्हर्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो भागातल्या सुमारे एक लाख घरांच्या विक्रीचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. त्यात दिसले, की दलाल स्वतःचे घर विकताना ते सुमारे साडेनऊ दिवस अधिक बाजारात ठेवतात आणि साधारण ३.७ टक्के अधिक किंमत मिळवतात. माणूस तोच, कौशल्य तेच. फरक फक्त घर कोणाचे याचा.

आपल्याकडे त्यात भर अशी की दलाल बहुधा विकणाऱ्याकडून आणि घेणाऱ्याकडून, दोघांकडून दलाली घेतो. घेणाऱ्याला तो सांगतो, "मालक अडलेला आहे, उतरेल." मालकाला सांगतो, "बाजार पडलेला आहे, उतरा." जुन्या मुंबईतल्या गिरण्यांत जॉबर असे. कामावर घेणारा तोच, काढणारा तोच, आणि कामगाराकडून दस्तुरी खाणाराही तोच. १९३१ साली व्हिटली आयोगाने आपल्या अहवालात या पद्धतीवर बोट ठेवले आणि भरतीचे काम जॉबरच्या हातून काढून घ्यावे असे सुचवले. मधला माणूस तिथेच माजतो, जिथे दोन्ही टोकांच्या माणसांना एकमेकांचे काही दिसत नाही. तेव्हा उपाय एकच, दिसू लागेल असे करणे.

आता पुन्हा आमच्या हकीगतीकडे. आम्ही दलालाला पत्र लिहिले. रागाचा एक शब्द नाही. पाच प्रश्न लिहिले. किती गिऱ्हाइकांना घर दाखवले, त्यांची नावे आणि तारखा कोणत्या? प्रत्येकाने काय आक्षेप घेतला? जाहिरात कुठे आणि कोणत्या शब्दांत दिली? तुमच्या मते भाव किती असावा आणि कशावरून? येत्या तीस दिवसांत काय करणार? पत्राची पोच सहीनिशी घेतली आणि पुढच्या रविवारी चहाला बोलावले. कारखान्याच्या व्यवस्थापकाला तीस वर्षे आम्ही असेच बोलावत आलो आहोत.

तो आला, हे आधी सांगितले पाहिजे. जो दलाल असल्या पत्रानंतर येत नाही, त्याचा निकाल तिथेच लागतो. त्याने वहीतून चार नावे दिली. जाहिरातीतली चूक मान्य केली. आणि मग, मान खाली घालून का होईना, म्हणाला, "दादा, खरे सांगू का? तुमचा भावच जास्त आहे. पहिल्याच दिवशी बोललो असतो, तर तुम्ही दुसऱ्याकडे गेला असता."

बंधुभगिनींनो, हे वाक्य आम्हांला झोंबले, कारण ते खरे होते. बेचाळीस लाख आम्ही आणले कुठून? खारघरच्या एका मित्राने त्याचे घर बेचाळीसला गेल्याचे सांगितले होते. तो खारघरचा, नवी इमारत, लिफ्ट असलेली. भाव माणूस तोंडाने सांगतो तो एक आणि कागदावर असतो तो दुसरा. आम्ही दोन दिवस रजा काढून नोंदणी खात्याकडच्या सूची क्रमांक दोनच्या नोंदी पाहिल्या. आमच्या आसपासच्या तशाच इमारतींत वर्षभरात नोंदलेले व्यवहार पस्तीस ते सदतीस लाखांचे होते. म्हणजे चार महिने आमची आई खिडकीशी बसून राहिली त्यात निम्मा वाटा दलालाच्या आळसाचा, तर निम्मा आमच्या हावेचा. तेव्हा पहिला धडा हा घ्या: दलाल काम करत नाही असे म्हणण्यापूर्वी, काम होण्याजोगे आपण ठेवले आहे का, ते पाहावे. भाव नोंदलेल्या व्यवहारांवरून ठरवावा, शेजाऱ्याच्या फुशारकीवरून ठरवू नये.

आम्ही भाव अडतीसवर आणला आणि त्याला पंधरा दिवस दिले. आठव्या दिवशी तो एक गिऱ्हाईक घेऊन आला. बत्तीस लाख, आणि त्यातले काही रोखीने. "एवढेच मिळतील, दादा, परवा इसार घेऊन टाका." घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारायला आयकर कायद्याने मनाई आहे, आणि घेतलेल्या रकमेइतका दंड बसू शकतो, हे आम्हांला ठाऊक होते. पण गोष्ट तेवढीच नव्हती. गिऱ्हाईक जाताना जिन्यावर त्याला 'भावजी' म्हणाले, आणि आमच्या सौभाग्यवतीने ते ऐकले. चौकशी केली तो त्याचा मेहुणा निघाला. मेहुण्याने घर घेऊ नये असे कायदा म्हणत नाही. पण नाते लपवून, बाजारापेक्षा चार-पाच लाख कमी भाव 'एवढेच मिळतील' म्हणून सांगणे, हे अभिकर्त्याच्या धर्मात बसत नाही. आळस एक वेळ सुधारतो. इथे भरवसाच गेला होता.

तेव्हा नोटीस दिली. अधिकार काढून घेताना दलालाला वाजवी मुदतीची सूचना द्यावी लागते, नाहीतर त्याच्या नुकसानीची भरपाई अंगावर येऊ शकते. ठरावीक मुदतीचा करार असेल तर मधेच तोडायला पुरेसे कारण लागते. आमचा करार तोंडी आणि बिनमुदतीचा होता. आम्ही पंधरा दिवसांची नोटीस लिहिली, किल्ली परत मागितली, जाहिराती काढायला सांगितले. आणि शेवटी एक कलम घातले: तुम्ही दिलेल्या यादीतल्या चार गिऱ्हाइकांपैकी कोणी येत्या तीन महिन्यांत हे घर घेतले, तर ठरलेल्या दलालीच्या निम्मी रक्कम तुम्हांला देऊ. घरात यावर वाद झाला. भाऊ म्हणाला, "चोराला वर बक्षीस कशाला?" आम्ही म्हटले, बत्तीस लाखांत त्याने लबाडी केली, पण त्या चार माणसांना त्याने उन्हातून वर आणले, ते तर खरेच ना?

या कलमामागे एक जुना निकाल आमच्या मनात होता. तो सर्वोच्च न्यायालयाचा आहे आणि १९५० सालचा, म्हणजे ते न्यायालय स्थापन झाले त्याच वर्षीचा. कलकत्त्यातल्या एका घरमालकाने दलालाला महिन्याच्या मुदतीने घर विकण्याची बोलणी करायला लेखी अधिकार दिला होता. लाखाला विकले तर हजार रुपये, आणि त्यावर किंमत मिळाली तर ठरल्याप्रमाणे वाढता मोबदला. दलालाने तयार गिऱ्हाइके आणली. मालकाने दलालाचा अधिकार रद्द केला आणि पुढे त्याच गिऱ्हाइकांच्या माणसांना एक लाख पाच हजारांना घर विकले. न्यायालयाने सांगितले, की दलालाला मालकाच्या वतीने विक्रीचा पक्का करार करण्याचा अधिकार नव्हता. पण त्याने घ्यायला तयार असलेली माणसे आणली आणि विक्री त्यांच्याशीच झाली, तेव्हा त्याची दलाली त्याला मिळालीच पाहिजे. दलालाला हाकलून देऊन त्याच्याच गिऱ्हाइकाला मागल्या दाराने घर विकणे ही मजुरी बुडवणे आहे. दुसऱ्याची मजुरी बुडाली की आम्ही दारात घोषणा देतो. मग स्वतः कशी बुडवावी?

दुसऱ्या दलाल एक बाई होत्या, खांदा कॉलनीतल्या. त्यांनी घर पाहण्यापूर्वी कागद मागितले. मूळ करारनामा, मुद्रांक भरल्याची नोंद, सोसायटीचा भागदाखला, कर भरल्याच्या पावत्या, कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र. भागदाखला पाहून म्हणाल्या, "यावर अजून तुमच्या वडिलांचेच नाव आहे. बहीण-भावाच्या सह्या कुठे आहेत? गिऱ्हाईक आले असते, तरी बँकेने त्याला कर्ज दिले नसते." पाच महिन्यांत पहिल्याने हा कागद एकदाही मागितला नव्हता, आणि आम्हांला स्वतःला तो काढून पाहण्याची बुद्धी झाली नव्हती. वारसांची नावे लावणे, बहिणीचे हक्कसोडपत्र नोंदवणे, सोसायटीच्या सभेत ठराव, यात दीड महिना गेला. ज्यांची घरे सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीवर आहेत त्यांनी हस्तांतरणाच्या कागदांची चौकशी पहिल्याच दिवशी करावी. गिऱ्हाईक आल्यावर धावाधाव केली, तर ते दुसरे घर पाहायला निघून जाते.

या बाईंशी मात्र आम्ही सगळे लेखी केले. अर्ध्या पानाचा कागद होता. अधिकार नव्वद दिवसांचा. अपेक्षित भाव आणि त्याखाली आमच्याशी बोलल्याशिवाय उतरायचे नाही असा आकडा. दलाली किती, आणि ती केव्हा द्यायची: निम्मी करारनामा नोंदल्यावर, निम्मी पूर्ण रक्कम हाती आल्यावर. घेणाऱ्याकडूनही दलाली घेणार असाल तर तसे सांगावे. गिऱ्हाईक नात्यातले किंवा भागीदारीतले असेल तर आधी सांगावे. दर पंधरा दिवसांनी कोण आले, काय म्हणाले, ते लिहून द्यावे. तीस दिवसांत कोणीच घर पाहायला आले नाही, तर दोघांनी बसून भावाचा किंवा जाहिरातीचा फेरविचार करावा. बाईंनी वाचले आणि म्हणाल्या, "असे कोणी लिहून मागत नाही, पण मला बरे वाटले. मलाही कळते, तुम्ही मला मधेच सोडणार नाही." लेखी कागद दोघांचे रक्षण करतो, हे कारखान्यात शहाण्या मालकालाही पटते.

आता रेराविषयी थोडे सांगतो, कारण सभेनंतर हा प्रश्न हमखास येतो. १ मे २०१७ पासून तो कायदा पूर्णपणे लागू झाला. नोंदणी झालेल्या प्रकल्पातली घरे विकणाऱ्या दलालाला महारेराकडे नोंदणी करावी लागते. ती पाच वर्षांची असते, आणि २०२३ सालापासून महारेराने दलालांना प्रशिक्षण आणि परीक्षाही घातली आहे. पण तुमचे घर जुन्या सोसायटीतले, त्या कायद्याच्या आधीच पुरे झालेले असेल, तर रेरा आपल्या मदतीला येईलच असे धरून चालू नका. तरीही दलाल निवडताना नोंदणी क्रमांक विचारावा. ज्याने परीक्षा दिली त्याला निदान नियम ठाऊक असतात. पैसे दिलेल्या किंवा द्यायचे ठरलेल्या सेवेत उणीव राहिली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागण्याची वाट आहे. परंतु घर विकायचे असलेल्या माणसाजवळ वेळच कमी असतो. खटला जिंकेपर्यंत आई खिडकीशीच बसलेली असते. म्हणून आमचा भर कोर्टापेक्षा पहिल्या दिवशीच्या अर्ध्या पानावर आहे.

आणखी दोन सूचना. पहिली, दलालाच्या नावे घर विकण्याचे कुलमुखत्यारपत्र कदापि करून देऊ नये. त्याचे काम गिऱ्हाईक आणण्याचे, सही आपली. दुसरी, एकदम पाच दलालांकडे घर देऊन मोकळे होऊ नये. पाच जणांकडे असलेले घर हे कोणाचेच नसते. प्रत्येकाला वाटते, आपण राबायचे आणि दलाली दुसरा नेणार. शिवाय एकाच घराचे पाच भाव बाजारात फिरू लागले की गिऱ्हाईक सर्वांत खालचा धरून बसते. एकालाच द्यावे, पण मुदतीने द्यावे.

घर विकले गेले ते २०१८ च्या उन्हाळ्यात, सदतीस लाखांना. घेणारे एक शिक्षक. करारनाम्याच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बाकावर बसलो असता ते सहज म्हणाले, "हे घर मी मागे एकदा पाहून गेलो होतो, दिवाळीच्या सुमारास. तेव्हा भाव परवडला नव्हता." आम्ही घरी येऊन पहिल्या दलालाने दिलेली यादी काढली. तिसरे नाव त्यांचेच होते.

नोटिशीतली तीन महिन्यांची मुदत संपायला अकरा दिवस बाकी होते. बाईंची दलाली पुरी सदतीस हजार द्यायचीच होती. त्यावर साडेअठरा हजार पहिल्याला. कामगाराच्या घरात ही रक्कम लहान नव्हे. तळमजल्याच्या नव्या घराला रंग द्यायचा होता. भाऊ म्हणाला, "त्याला कुठे कळणार आहे?" खरेच, त्याला कळण्याचे काही कारण नव्हते. आम्हीही, खोटे कशाला बोला, एक रात्र गप्प बसलो. सकाळी आईला विचारले. तिने मेहुण्याची हकीगत ऐकलेली होती. ती म्हणाली, "अरे, त्याच्या जागल्याचे त्याला दे. निजल्याचे देऊ नको."

आम्ही साडेअठरा हजारांचा धनादेश घेऊन त्याच्या गाळ्यावर गेलो. तो पैसे घेऊन काही बोलला नाही, फक्त उठून उभा राहिला. पुढे त्याने सुधारणा केली की नाही, आम्हांला माहीत नाही. पण पावती मात्र त्याने न मागता लिहून दिली.

आई त्यानंतर तीन वर्षे जगली. जुन्या पनवेलीतल्या त्या घराला पुढे चार हात अंगण होते. रोज संध्याकाळी ती तिथे पाय जमिनीला लावून बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, "कुठवर?" ती सात-आठ महिने आधी खाली आली असती, तर तेवढे दिवस तिचे अधिक गेले असते. त्या दिवसांचा हिशेब आम्ही कोणत्याही दलालाकडे मागू शकत नाही. त्यातले निम्मे आमच्याकडेच निघतात. म्हणून, ज्यांची घरे आज विकायला काढलेली आहेत त्यांनी उद्या सकाळी दोन कामे करावीत. कपाटातून कागद काढून नावे तपासावीत, आणि दलालाला पाच प्रश्नांचे पत्र लिहावे. ज्याने काम केले असेल तो उत्तर देईल. त्याची मजुरी त्याला पुरी द्या. ज्याने केले नसेल त्याला मुदत द्या, आणि मुदत संपली की नमस्कार करून किल्ली परत घ्या.